भर धारेतल्या डोंग्याचा चार्ज

मूल, जि. चंद्रपूर
२० नोव्हेंबर

चि. आदेश भाऊजी यांस,

साधनावहिनीकडून आशीर्वाद, आणि आशीर्वादासोबत एक मफलर. मफलर आधी गळ्यात घाला, मग पुढचं वाचा. नागपुरात थंडी पडली आहे आणि तुमच्या ट्रेनिंगच्या होस्टेलात डाळ पातळ मिळते, असं तुमच्या बायकोने, दिव्यानीने, सांगितलं. खोकला कसा आहे? गरम पाणी मागून घेत जा. पाणी मागायच्या बाबतीत तुम्ही आणि तुमचे दादा, दोघंही सारखेच आळशी. माझी तब्येत उत्तम आहे. डावा गुडघा सोडून उत्तम आहे. धान कापून झालं, बांधावरची तूर फुलावर आहे, आणि वाघ यंदा आमच्या बाजूला आलेला नाही, निदान मला भेटलेला नाही.

फोन असताना वहिनीने पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही "हौ वदिना, हौ वदिना" म्हणता (सिरोंच्याच्या घरात वहिनीला तेलुगूतूनच हाक मारायची रीत, हे मला आता सवयीचं झालं आहे) आणि तिसऱ्या हौला फोन ठेवलेला असतो. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. ठेवता येतं, पण मला ते दिसत नाही. आमच्या शेजारची चंचल परवा भाच्याच्या बारशाला नागपूरला जाते आहे, तिच्या हाती देते.

विषय तोच आहे, डोंग्याच्या गेमचा. पान उलटू नका. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुमच्या खोलीतले दोघं हे पत्र वाचल्याशिवाय राहणार नाहीत, त्यांनाही नीट कळलं पाहिजे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आम्ही चंद्रपूरच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा बदलीवर जाणाऱ्या एका साहेबाकडून तुमच्या दादांनी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र घेतलं. त्यासोबत तबकडी एकच. तीत एक नावाडी. त्याने लोकांना नदीपार न्यायचं, उतरलेल्यांनी काठावर घर बांधायचं, आणि असं करत गाव वाढवायचं. बस, एवढंच. मारामारी नाही, बंदूक नाही. इंग्रजी नाव इतकं लांब होतं की आम्ही त्याला डोंग्याचा, म्हणजे होडीचा, गेम म्हणायला लागलो. नावाड्याला तुमच्या दादांनी स्वतःचंच तोंड दिलं: ते लांब नाक (तुमच्या घराण्याचं, आरशात बघा), उजव्या भुवईवरची खूण, खांद्यावर दुपट्टा. चित्रं अशी की जणू कोणी ओल्या रंगांनी हाताने काढलेली. पाणी पावसाळ्यात गढूळ व्हायचं, आणि म्हातारी माणसं म्हातारी दिसायची. गावाला त्यांनी सिरोंचा नाव दिलं. दिवसभर टर्बाईनच्या घड्याळांसमोर बसायचं आणि संध्याकाळी गोदावरीवर जायचं, असा त्यांचा कार्यक्रम होता.

आणि पॉवर स्टेशनचा माणूस घरी आला की पॉवर स्टेशनही त्याच्यामागे घरी येतं. त्यांनी गेमचं लॉगबुक ठेवलं. दोनशे पानी वही, पहिली पाळी त्यांची, दुसरी माझी. "डोंगा पश्चिम घाटाला. उतारू दोन, शेळी एक. दोर ढिला आहे, लक्ष ठेवणे. चार्ज दिला." खाली मी लिहायचं, "चार्ज घेतला", आणि सही. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय आणि त्याची सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तुमच्या प्लांटचा नियम त्यांनी घरात इतका कडक लावला होता की एकदा कुकरची पाचवी शिट्टी झाली तरी मी सहीच करत होते. (त्या दिवशी तुम्ही जेवायला होता. वरण कसं होतं ते तुम्हाला आठवत असेल.) मी सातवी शिकलेली बाई. कॉलनीच्या वाचनालयातली मराठी पुस्तकं वाचून संपली, तेव्हा डिक्शनरी घेऊन गेममधल्या लोकांचं इंग्रजी वाचायला लागले. त्यातली एक शेळीवाली म्हातारी फार बोलते. माझं निम्मं इंग्रजी तिचं आहे.

शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची. ते डोंगा हाकत होते आणि तुम्ही आलात. "दादा, बंद करा नं तो डब्बा, चहा घेऊ," असं तुम्ही म्हणालात, आणि त्यांनी आहे तिथेच यंत्र बंद केलं. वहीत लिहिलं, "डोंगा भर धारेत. उतारू तीन." पुढे "चार्ज दिला" लिहायचं राहिलं, कारण चहा आला. बुधवारी ते पहिल्या पाळीला गेले, आणि त्या पाळीतून घरी आले नाहीत. यात तुमचा दोष नाही, हे मी तुम्हाला तोंडी दोनदा सांगितलं, आता लेखी सांगते. पण चार्ज दिलेलाच नाही तर घ्यायचा कसा? म्हणून मी रोज संध्याकाळी यंत्र लावते, थोडा वेळ नदी वाहताना बघते, आणि डोंग्याला हात न लावता बंद करते. ते तिघं उतारू तीन वर्षं बसून आहेत. त्यातली एक शेळीवाली म्हातारी. तिचं मला फार वाईट वाटतं, एवढं बोलणारी बाई.

आता नवीन गोष्ट. दिवाळीच्या आधी दिव्यानीने फोनवर सांगितलं की डोंग्याच्या गेमचा दुसरा भाग निघाला. मला तेव्हापासून घरात बसवेना. दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने चंद्रपूरला गेले, दुकानदाराला विचारलं, हा दुसरा भाग ना, तो म्हणाला हो, आणि मी घेऊन आले. आणखी काय विचारायचं असतं, तुम्ही सांगा. पुस्तकाचा दुसरा भाग वाचायला कोणी दुसरा चष्मा लावतं का? घरी येऊन डबी उघडली तर आत तबकडीच नाही, अंगठ्याच्या नखाएवढं कार्ड. मला वाटलं, महागाई. आजकाल बिस्किटंही लहान झाली आहेत.

मी ते झाडूभाऊंकडे नेलं. (झाडू हे त्यांचं नाव आहे. तुमच्या खोलीतल्यांनी हसू नये, आमच्या झाडीपट्टीत असतं तसं नाव. पन्नाशीचे आहेत, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात.) त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, तबकडीच्या फटीत टाकून पाहा नं. मशीन शहाणी असते, तिले बराबर समजते." टाकलं. आत गेलं. तिला बरोबर समजलं असावं, कारण तिने ते परत दिलं नाही.

मग यंत्र उघडावं लागलं. आत काय निघालं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: कार्ड एक, पालीची अंडी दोन, हळद चिमूटभर, तांदळाचे दाणे सतरा. दसऱ्याला तुम्ही प्लांटमध्ये मशीनची पूजा करता, तशी तुमचे दादा घरी याची करायचे, आणि अक्षता नेमक्या हवेच्या जाळीवर वाहायचे. झाडूभाऊंनी ते दाणे तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काऊन बाई, याले तुमी जेवू घालून राह्यल्या होत्या का?" त्यांनी यंत्र जोडून दिलं, पण जाताना असंही म्हणाले की पंखा घासून राह्यला, आज आहे, उद्याचा भरवसा नाई. दाणे मी टाकले नाहीत. एका डबीत ठेवले आहेत. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

दुकानदाराला फोन केला तेव्हा खरा प्रकार कळला. दुसरा भाग फक्त दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर चालतो. त्या कंपनीने म्हणे गेम बनवणाऱ्यांना बांधून घेतलं. आता झाडीपट्टीच्या नाटकात नट एका मंडळीकडे सीझनभर बांधलेला असतो, हे मला मान्य आहे. वडशाचा आपला आवडता विनोदी नट दुसऱ्या मंडळीत गेला की आपण दुसऱ्या गावच्या मंडपात जातो. पण जाताना चटई आपलीच नेतो ना? इथे मंडप बदलला की चटई नवी, शाल नवी, बसायचे पायही नवे आणा म्हणतात. आणि गेमचं गाव ज्याने आठ वर्षं बसून वाढवलं, त्याला कोणी विचारलं का, की तुला कोणत्या मंडळीत जायचं आहे? मी दुकानदाराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी फक्त विकतो." मी म्हटलं, तेच तर.

आता तुमच्या क्वार्टरमध्ये टीव्हीखाली जो डबा आहे तो नेमका त्या दुसऱ्या कंपनीचा, हे मला दिव्यानीने आठवण करून दिलं. म्हणून मागच्या आठवड्यात मी ऊर्जानगरला गेले. फक्त बघायला. दिव्यानीने डब्यातला पाहुण्यासाठी असतो तो दरवाजा उघडून (तुमचा स्वतःचा भाग नंबर घातल्याशिवाय उघडत नाही, तुमच्या दादांसारखेच तुम्हीही कुलूपवाले) मला नव्या गेमची सुरुवात दाखवली. भाऊजी, काय सांगू. सगळ्यांची डोकी डांगराएवढी आणि धड काकडीएवढं. डोळे वाटीएवढे, आणि त्यात सारखी चमक, कोणी आत्ताच रडून आल्यासारखी. गावात एकही म्हातारा नाही. शेळीवाल्या म्हातारीच्या केसांना रिबीन, आणि शेळीच्या पापण्या माझ्यापेक्षा लांब. पाणी असं निळं की आपल्या बाजूला तेवढी निळी फक्त नीळच असते. आणि नाक? नाकच नाही. तोंडाच्या मधोमध एक टिंब. दिव्यानी म्हणाली, "ताई, किती क्यूट आहे हो सगळं!" क्यूट म्हणजे काय ते मला माहीत आहे, डिक्शनरीत बघितलं आहे. तुमचे दादा क्यूट नव्हते. ते टर्बाईन ऑपरेटर होते.

एवढ्यावर मी परत आले असते तर बरं झालं असतं. पण दिव्यानीने आणखी एक वाचून दाखवलं. गेम बनवणाऱ्यांनी जुन्या लोकांसाठी सोय केली आहे: जुन्या यंत्रातून आपलं गाव इंटरनेटने त्यांच्याकडे वर चढवायचं, आणि नव्या डब्यात उतरवून घ्यायचं. गाव, घाट, डोंगा, उतारू, सगळं जसंच्या तसं येणार. फक्त चित्र त्यांचं. मुदत तीस नोव्हेंबर. त्यानंतर दार बंद.

म्हणजे बघा. इकडे यंत्राचा पंखा घासतो आहे. तो थांबला की गाव गेलं, डोंगा गेला, त्या डोंग्यात उभा असलेला माणूसही गेला. तिकडे नेलं तर माणूस राहतो, पण डांगराच्या डोक्याचा. त्या दिवसापासून मी एका जागी नाही. सकाळी अंगण झाडते, चहा ठेवते, आणि चहा होईपर्यंत पुन्हा अंगण झाडते. सोमवारी पिशवी घेऊन स्टँडवर गेले, चंद्रपूरची गाडी लागलेली बघितली आणि परत आले. कंडक्टर ओळखीचा आहे, त्याने विचारलं, बाई, चढता का उतरता? मी चढलेच नव्हते.

शेवटी म्हटलं, वर चढवून तर ठेवू, चढवायला काय जातं. आमच्या घरी रेंज फक्त जांभळीपाशी येते. झाडूभाऊंचा फोन पिशवीत घालून फांदीला टांगला, यंत्राचं आणि फोनचं जुळवून दिलं, आणि आम्ही ओसरीत बसून आकडे मोजायला लागलो. बावीस टक्के, चाळीस टक्के. सहासष्टवर एक वानर आलं आणि पिशवी हुंगायला लागलं. झाडूभाऊ काठी घेऊन धावले तर मीच ओरडले, "हलवू नका त्याले, रेंज जाईन!" ते वानर तिथेच बसलं, आम्ही इथे बसलो, आणि दोन तासांनी गाव चढलं. डोंगा भर धारेत असलेलाच. झाडूभाऊ म्हणाले, "आता उतरवणार कुठी?"

आता गाव वर आहे. इथेही नाही, तिथेही नाही. वर म्हणजे नेमकं कुठे, हे झाडूभाऊंना विचारलं तर त्यांनी हात वर केला.

परवा देवारा पुसत होते. तुमच्या दादांचा चांदीचा टाक हाती आला. वर्षश्राद्धाच्या वेळी तुम्ही आणि मी चंद्रपूरच्या सोनाराकडून करून आणला होता. मी तो पहिल्यांदाच नीट उजेडात बघितला. सोनाराकडे साचा एकच: डोकं धडापेक्षा मोठं, डोळे वाटीएवढे, नाक टिंबाएवढं. दोन वर्षं मी त्याला गंध लावते, फूल वाहते, गोड केलं की पहिला घास दाखवते, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा त्यांच्यासारखा दिसत नाही. हे लक्षात आल्यावर मला फार राग आला. माझं एवढं मोठं भांडण तिथेच संपत होतं आणि मला ते संपवायचं नव्हतं. मी टाक जागेवर ठेवला आणि दिवसभर देवाऱ्याकडे बघितलं नाही.

तेव्हा माझा निश्चय कळवायला हे पत्र आहे. दुसऱ्या कंपनीचा डबा माझ्या घरात येणार नाही. गाव वर राहील तोवर राहील. तुम्ही मला समजवायला येऊ नका, ट्रेनिंगकडे लक्ष द्या आणि रात्री केळं खाऊ नका.

तुमची,
साधनावहिनी

ता. क. तुमचा डबा माझ्या घरात आहे. क्वार्टरमध्ये टीव्हीखाली रिकामी जागा दिसली तर पोलिसात जाऊ नका. वरचं पत्र लिहून झालं, आणि नंतर मला पुन्हा बसवेना, म्हणून आज सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परत आले. दिव्यानीनेच काढून दिला, तिला रागावू नका. गोधडीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात घालून आणला. कंडक्टरने विचारलं, बाई, कोंबडी आहे का? मी म्हटलं, नाही, माणूस आहे. त्याने तिकीट एकच फाडलं. आता अडचण अशी की गाव उतरवायला पाहुण्याचा दरवाजा चालत नाही, तुमचाच उघडावा लागतो, आणि तो चार आकडी नंबर मागतो. फोनवर दिव्यानीला विचारून तुमची जन्मतारीख घातली, नाही. लग्नाची तारीख घातली, नाही. दिव्यानीचा वाढदिवस घातला, तोही नाही. त्यानंतर दिव्यानीने "अस्सं" म्हणून फोन ठेवला. तुम्ही घरी याल तेव्हा जपून. आता एकदाच चुकता येतं, मग तो महिनाभर बंद होतो. तेव्हा नंबर कागदावर लिहून चंचलजवळ द्या. तीस तारखेच्या आत. पत्राचं कारण खरं म्हणजे एवढंच होतं.

ता. क. दुसरं, २२ नोव्हेंबर. बारसं पुढे गेल्यामुळे चंचल गेलीच नाही, पत्र माझ्याचकडे आहे. नंबर नको. काल संध्याकाळपासून मी त्या चार रिकाम्या चौकटींकडे बघत होते, मग उठून तुमच्या दादांचं प्लांटचं जुनं पाकीट काढलं आणि त्यांचा हजेरीचा टोकन नंबर घातला. दार उघडलं. तीन वर्षं तुम्ही याबद्दल मला बोलला नाहीत. मीही आता काही बोलत नाही.

गाव उतरलं. पूर्वीचेच घाट, पूर्वीचीच घरं, डोंगा भर धारेत, उतारू तीन. नावाडी अर्थात डांगराच्या डोक्याचा. पण एका कोपऱ्यात नाक बदलायची सोय निघाली. त्यांच्याकडे होतं ते सगळ्यात लांब लावलं. तुमच्या घराण्याला ते कमीच पडतं, पण टिंब तरी राहिलं नाही. मग वही काढली. तुमच्याकडे पाळीवरचा माणूस मधेच गेला तर शिफ्ट इनचार्ज त्याच्या जागी लिहितो, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. या घराची शिफ्ट इनचार्ज आता मीच आहे. त्यांच्या त्या ओळीपुढे लिहिलं, "चार्ज दिला: लटारू". तीस वर्षांत त्यांचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं, अक्षर जरा वाकडं आलं आहे. खाली, "चार्ज घेतला: साधना". आणि डोंगा हाकला. काठाला लागायला दीड मिनिट लागलं. शेळीवाली म्हातारी (तिला रिबीन असली तरी मी म्हातारीच म्हणणार) उतरली, आणि प्रत्येक वेळी म्हणायची तेच तिने इंग्रजीत म्हटलं: "किती लवकर पोचवलंस रे बाबा!"

मी तिला काही सांगितलं नाही.

ता. क. तिसरं. त्या डब्यात तुमची मोटारींची शर्यत होती. ती आता कुठे दिसत नाही. कशी गेली ते मला विचारू नका, झाडूभाऊंनाही विचारू नका. ट्रेनिंग संपलं की ऊर्जानगरला न जाता सरळ मूलला या, दिव्यानीला मी बोलावून घेतलं आहे. सध्याची नोंद अशी: "डोंगा पूर्व घाटाला. उतारू चार, शेळी धरून. दोर घट्ट आहे." पहिली पाळी मी केली. दुसऱ्या पाळीला माणूस नाही, आणि नियम तुम्हाला माहीत आहे, रिलिव्हर आल्याशिवाय मला उठता येत नाही. डाळ चुलीवर आहे. या.